हजेरी लावून शीक

नागपूर
आषाढ वद्य पंचमी

प्रिय बाळा,


तुझा मेसेज दोनदा वाचला. फोन करणार होते, पण नाइट करून आलेल्या मुलीला त्या वेळी झोप हवी असते, मावशीचं बोलणं नको असतं. म्हणून लिहिते आहे. ऑफच्या दिवशी, डोकं शांत असताना वाच.

तू विचारलंस त्याचं उत्तर आधी देते. एजंटमार्फत ही ॲडमिशन घेऊ नकोस.

त्या एजंटची भाषा मला परकी नाही. फी एकरकमी भरायची, कॉलेजात परीक्षेपुरतं जायचं, हजेरीचं ते बघून घेतात, क्लिनिकलच्या वह्या तयार मिळतात. दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. हातात, ड्युटी चालू, पगारही चालू. घरी पैसे पाठवणाऱ्या मुलीला हे पटलं नाही तरच नवल. तुझ्या रूममेटने पैसे भरले म्हणून तिला नावं ठेवू नकोस. तिच्यामागे काय काय आहे ते तिलाच ठाऊक. पण तू तिच्या मागून जाऊ नकोस.

शेजारच्या मध्य प्रदेशात काय झालं ते तू ऐकलं असशील. कागदोपत्री चालणाऱ्या नर्सिंग कॉलेजांचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने तपासणी सीबीआयकडे सोपवली, आणि २०२४ च्या मे महिन्यात ती तपासणी करणाऱ्यांपैकीच काही जण लाच घेताना पकडले गेले. यात होरपळली ती मुलं. परीक्षा वर्षानुवर्षं लटकल्या, आणि ज्यांनी खरोखर वर्गात बसून अभ्यास केला होता त्यांच्याकडेही लोक संशयाने बघू लागले.

समज, तुझ्या बाबतीत असं काहीही होणार नाही. सगळं सुरळीत पार पडेल, मार्कशीट मिळेल, नावापुढे बी.एस्सी. लागेल. मला खरी भीती त्यानंतरची आहे. त्या कागदावर तुला वरची जागा मिळेल. लेबर रूमची इन्चार्ज म्हणून बसवतील, किंवा एखाद्या कॉलेजात शिकवायला घेतील. मग रात्री दोन वाजता एखादी नवी स्टाफ घाबरून तुझ्याकडे बघेल. तिच्या दृष्टीने तू शिकलेली असशील.

तुझं हॉस्पिटल कुठे आहे याचा जरा विचार कर. आरंग, महासमुंद, त्यापलीकडचं पिथौरा, या सगळ्या बाजूची गाडी तेलीबांधा चौकातूनच रायपुरात शिरते. धमतरीची छोटी लाइन चालू होती तेव्हा तेलीबांध्याला तिचं स्टेशन होतं. खेड्यातल्या माणसाने शहरात उतरायची ती जुनीच वाट आहे. संध्याकाळी तिथल्या तलावाकाठी माणसं हवा खायला येतात, मुलं आइस्क्रीम खातात, त्या जागेला आता सगळे मरीन ड्राइव्ह म्हणतात. आणि तिथून जवळच तुझ्या लेबर रूममध्ये एक बाई येते, जिचे दोन-तीन तास रस्त्यातच गेलेले असतात आणि जिला दोन ठिकाणी तपासून पुढे पाठवलेलं असतं. सोबतच्या चिठ्ठीवर ‘रेफर्ड टू हायर सेंटर’ एवढंच लिहिलेलं असतं. किती ब्लीडिंग झालं, ऑक्सिटोसिन दिलं का, दिलं तर किती वाजता, यातलं काही नसतं. डॉक्टर वरून खाली येईपर्यंतची पाच-सात मिनिटं सगळी तुझ्या हातात असतात. त्या मिनिटांसाठी शिकायचं असतं, आणि तिथे हजेरी दुसऱ्या कुणाला लावता येत नाही.

ब्लीडिंगचाच विषय घेऊ, कारण बाळंतिणी अजूनही त्याने दगावतात आणि वेळेवर कळलं तर त्यातल्या बहुतेक वाचतात. मी शिकवत होते तेव्हा नव्या बॅचला एक धडा हमखास द्यायची. बीट उकळून लाल पाणी करायचं. ते मोजून पॅडवर, मॉपवर, चादरीवर, किडनी ट्रेमध्ये ओतून ठेवायचं आणि मुलींना एकेक करून आत बोलवायचं. सांग, हे किती मिली? चादरीवर पसरलेलं पाचशे मिली बहुतेक जणी दोनशे-अडीचशे सांगायच्या. ट्रेमध्ये साचलेलं थोडंसं मात्र त्यांना भरपूर वाटायचं. वर्षानुवर्षं बाळंतपणं केलेल्या सिस्टरही यात फसायच्या. मग वजनकाटा पुढे घ्यायचा. कोरं पॅड किती ग्रॅम, भिजलेलं किती ग्रॅम. फरकाचा एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. जिने हे एकदा स्वतःच्या हाताने तोलून बघितलं, तिला नंतर नुसतं वाकून बघून ‘ब्लीडिंग नॉर्मल’ असं लिहवत नाही.

हीच गोष्ट २०२३ मध्ये मोठ्या अभ्यासातून जगापुढे आली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतली ८० हॉस्पिटलं, दोन लाखांहून जास्त बाळंतपणं. बाळ बाहेर आल्यावर बाईच्या खाली मिलीच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी, म्हणजे ड्रेप, लावायची आणि रक्त मोजायचं. जास्त दिसताच गर्भाशयाचा मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक, सलाइन आणि कुठून रक्त येतंय याची तपासणी, हे सगळं एकदम सुरू करायचं. एक करून बघू, मग दुसरं, असं करत बसायचं नाही. जिथे असं केलं तिथे गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्याने मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं. त्यातलं एकही औषध नवीन नव्हतं. मोजणं नवीन होतं, आणि मोजल्याबरोबर हात चालवणं नवीन होतं. बहुतेक ठिकाणी हे करणाऱ्या तुझ्यासारख्या नर्स-मिडवाइफच होत्या.

तुमच्याकडे ड्रेप नसेल तर इन्चार्ज सिस्टरकडे मागणी कर, लेखी कर. ते येईपर्यंत वजनकाटा ठेव. आणि बीटाचा प्रयोग तुझ्या लेबर रूममध्ये करून बघ. अर्ध्या तासाचं काम आहे, ड्युटी बदलताना सकाळ-दुपारच्या दोन्ही स्टाफ हजर असतात तेव्हा जमतं. वॉर्डातल्या मावशींना आणि वॉर्डबॉयलाही बोलव. चादर बदलणारा माणूसच सगळ्यात आधी बघत असतो.

आता तू म्हणशील, हे सगळं मला येतंच की. येतं, पण शिकलेलं जुनं होतं. कळा जोरात सुरू झाल्या, बाई ॲक्टिव्ह फेजमध्ये आली, हे आपण ४ सेंटीमीटरपासून धरायचो आणि पार्टोग्राफ तिथून भरायचो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये लेबर केअर गाइड काढलं त्यात ते ५ सेंटीमीटर झालं. एका सेंटीमीटरचा फरक, पण त्यामुळे ‘प्रोग्रेस नाही’ म्हणून घाईने सिझरला जाणाऱ्या कितीतरी बायकांना वेळ मिळतो. आमच्या वेळी बाळ झालं की लगेच नाळेला क्लॅम्प. आता बाळ रडत असेल तर किमान एक मिनिट थांबायचं, कारण तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि पुढचे काही महिने त्याला लोह पुरतं. मी रिटायर होऊन घरी बसले असले तरी हे वाचते. तू तर रोज उभी आहेस.

म्हणून एक वही कर. नाइट संपताना फक्त एका केसबद्दल चार ओळी लिही. नाव लिहू नकोस, बेड नंबरही नको. काय दिसलं, मी काय केलं, कोणत्या वेळी केलं, आणि मला काय कळलं नाही. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. ऑफच्या दिवशी ती ओळ घेऊन पुस्तक उघड, नाहीतर डॉक्टर मॅडमना राउंड झाल्यावर विचार. विचारणाऱ्या नर्सला चांगले डॉक्टर कधी झिडकारत नाहीत, आणि जे झिडकारतात त्यांच्यामुळे विचारणं सोडू नये. सहा महिन्यांनी त्या वहीत तुझ्या लेबर रूमचा अभ्यासक्रमच तयार झालेला दिसेल.

तुझ्या हॉस्पिटलपासून फार दूर नाही असं एक उदाहरण देते. राजनांदगावच्या पलीकडे आमचं गडचिरोली लागतं. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या बायका निवडल्या. त्यांना नवजात बाळाचं तेवढंच, पण पक्कं शिकवलं: बाळ कसं गुंडाळायचं, श्वास कसे मोजायचे, जंतुसंसर्ग कशावरून ओळखायचा, इंजेक्शन कधी द्यायचं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे आकडे आले. त्या गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावायची, तिसऱ्या वर्षी ती संख्या २५ च्या आसपास आली. पुढे देशभरातल्या आशाताई घरोघरी जाऊन बाळं बघू लागल्या, त्याचं मूळ तिथे आहे. त्या बायकांकडे पदवी नव्हती. त्यांना जे शिकवलं ते रोज वापरायला लावलं, आणि कुणीतरी गावात येऊन पुन्हा पुन्हा तपासत राहिलं. पदवी नको असं मी म्हणत नाही. तुला पदवी हवीच आहे आणि ती तू घेशील. पण हाताला येणारं शिक्षण कसं असतं ते यात दिसतं.

आणखी दोन गोष्टी, तुझ्याकडच्या मातीतल्या. एक, छत्तीसगढी नीट बोलायला शीक. हॉस्पिटलातलं हिंदी डॉक्टरांशी चालतं. गावाकडची पहिलटकरीण घाबरली की तिच्या तोंडून हिंदी निघत नाही. ‘पीरा कब ले उठत हे दाई?’ असं तू विचारलंस की ती तुझा हात धरेल आणि खरं सांगेल. खरी हिस्ट्री मिळणं हीसुद्धा क्लिनिकल स्किल आहे, पुस्तकात तिला मार्क नसले तरी. दुसरी गोष्ट सिकलिंग. छत्तीसगडमध्ये आणि आपल्या विदर्भातही तो आजार बराच आढळतो. ॲनिमिया म्हणून आलेल्या प्रत्येक गरोदर बाईचं सिकलिंग तपासलंय का, हे केस पेपर हातात घेतल्याबरोबर बघ. सिकलिंग निघालं तर तिला कळांमध्ये थंडी वाजू देऊ नकोस, पाणी कमी पडू देऊ नकोस, ऑक्सिजनकडे लक्ष ठेव, आणि सांधे दुखताहेत म्हणाली तर ‘कळाच आहेत’ म्हणून सोडून देऊ नकोस. २०२३ पासून सिकल सेलसाठी राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, त्याचं प्रशिक्षण कुठेही निघालं तर नाव दे.

तुझी आई म्हणते, अजून किती शिकणार, शेवटी बेडपॅनच द्यायचा ना. तिच्यावर रागावू नकोस, ती काळजीने बोलते. पण तिला एकदा सांग की १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढून रमाबाई रानड्यांनी मुलींना आणि विधवांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हाही लोक हेच म्हणत होते. आणि केईएममध्ये अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांना आठव. १९७३ पासून २०१५ पर्यंत तिथल्या सिस्टरांनी त्यांना सांभाळलं, कित्येक पिढ्या रिटायर झाल्या आणि नव्या आल्या. २०११ साली त्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे होतं तेव्हा हे नोंदलं गेलं की इतक्या वर्षांत त्यांना एकदाही बेडसोअर झाला नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ काय, हे फक्त नर्सला कळतं. कूस बदलणं, कातडी कोरडी ठेवणं, खाण्यातलं प्रथिन बघणं आणि दिवसाचे चोवीस तास कुणीही कंटाळा न करणं. बेडपॅन देणाऱ्या हातानेच हे होतं.

एक अवघड गोष्ट सांगायची आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरजवळ सकरीच्या शिबिरात एका दुपारी ८३ बायकांची नसबंदी झाली आणि नंतर त्यातल्या कित्येक जणी गेल्या. सरकारी नियमाने एका सर्जनने एका दिवसात तीसच्या वर करायच्या नव्हत्या. तिथे कुणाचा किती दोष, हे मी ठरवणार नाही. पण अशा ठिकाणी उभ्या असलेल्या नर्सला नियम पाठ असला पाहिजे, नाहीतर तिला ‘थांबा’ म्हणायला आधारच उरत नाही. आवाज चढवायची गरज नसते. ‘सर, काउंट जुळत नाही, मी क्लोजर थांबवते आहे.’ ‘मॅडम, मॅग्नेशियमचा पुढचा डोस आहे, पण रिफ्लेक्स मिळत नाहीत आणि युरिन चार तासांत शंभरच्या खाली आहे.’ एवढंच, आकड्यासकट, शांतपणे, आणि केस पेपरवर वेळेसह. ज्या नर्सने अभ्यास विकत घेतला आहे तिला हे वाक्य बोलवत नाही. तिला स्वतःचीच खात्री नसते.

आता पुढचा रस्ता. तुझं जीएनएम झालं, लेबर रूमला दीड वर्ष होत आलं. अजून सहा महिने तिथेच काढ, बदली मागू नकोस. किमान पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव झाला की एम्सच्या नॉरसेट परीक्षेला जीएनएमवरही बसता येतं. टाटीबंधचं एम्स तुझ्याच शहरात आहे. छत्तीसगड व्यापमची स्टाफ नर्सची जाहिरात निघाली तर तीही भर. सरकारी नोकरीत जा असं मी सहसा सांगत नाही, पण तुझ्या मनात जे आहे त्याची वाट तिकडून जाते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरीचं धोरण आणलं. त्यात नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हा १८ महिन्यांचा अभ्यासक्रम आहे आणि तो झालेल्या नर्सने साधी बाळंतपणं स्वतःच्या जबाबदारीवर करायची, गुंतागुंत दिसली की डॉक्टरांना बोलवायचं, अशी कल्पना आहे. त्याआधीच तेलंगणात हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलबरोबर हे काम सुरू झालं होतं. तू मागे मला म्हणालीस की बाईला पाठीवर झोपवून ओरडत ‘जोर लगा’ म्हणणं तुला आवडत नाही. बाळा, हा अभ्यासक्रम तुझ्यासारख्यांसाठीच आहे. तिथे बाईला उकिडवं बसू देतात, चालू देतात, तिच्या सोबतीणीला जवळ थांबू देतात.

पोस्ट बेसिक बी.एस्सी. करायचीच असेल तर रेग्युलर कर. दोन वर्षं पगार जाईल हे खरं. मधला पर्याय म्हणजे एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा: नवजात बाळांचा, क्रिटिकल केअरचा, ऑपरेशन थिएटरचा. तुझ्यासाठी मी नवजात बाळांचा निवडेन. परदेशाचं नंतर बघू. जायचंच असेल तर हात पक्का झाल्यावर जा, तिथे पहिल्या आठवड्यात तो तपासतात.

कागदांकडे लक्ष दे. तुझं रजिस्ट्रेशन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं आहे आणि तू काम छत्तीसगडमध्ये करतेस. मुंबईहून एनओसी घेऊन रायपूरच्या कौन्सिलमध्ये नोंद करून घे, ‘चालतंय’ म्हणून ठेवू नकोस. पाच वर्षांनी रिन्यूअल येतं तेव्हा दीडशे तासांचं सीएनई, म्हणजे नोकरीतलं पुढचं शिक्षण, दाखवावं लागतं. वर्षाला तीस तास धर, महिन्याला अडीच. तेवढं सहज होतं. चहा-समोसा आणि सर्टिफिकेट देणाऱ्या कार्यक्रमांपेक्षा जिथे पुतळ्यावर अंबू बॅग धरायला लावतात तिथे जा. १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये नर्सिंग आणि मिडवाइफरी कमिशनचा कायदा झाला. नियम बदलत राहतील, म्हणून दर काही महिन्यांनी स्वतः बघत जा, एजंटकडून ऐकू नकोस.

पैशाचं म्हणशील तर रेग्युलर कोर्सला किंवा डिप्लोमाला तू गेलीस तर पहिल्या वर्षाची फी मी भरेन. हे पैसे उसने नाहीत आणि तुझ्या आईला सांगायचीही गरज नाही. दुसऱ्या वर्षाचं आपण दोघी मिळून बघू. घरी दरमहा पाठवतेस ते थोडं कमी होईल, त्याबद्दल तुझ्या बाबांशी मी बोलते. त्यांना माझं ऐकावं लागतं.

आणि हे सगळ्यात तातडीचं. तू लिहिलंस की ‘डॉक्युमेंट्स दिले आहेत’. झेरॉक्स दिल्या असतील तर ठीक. मूळ मार्कशीट किंवा रजिस्ट्रेशनचा मूळ कागद त्या माणसाकडे असेल तर उद्याच्या उद्या परत आण. फीचा हप्ता भरल्याशिवाय देत नाही म्हणाला तर वाद घालत बसू नकोस. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात जा, तिथली जुनी माणसं मदतीला येतात. एकटी जाऊ नकोस, तुझ्या इन्चार्ज सिस्टरना सोबत ने. टोकन म्हणून दिलेले पैसे बुडाले तर बुडू दे. कागद हातात आले की लगेच मला फोटो पाठव, रात्री कितीही वाजले तरी चालेल. गरज पडली तर शनिवारच्या शिवनाथने मी येते.

तुझी,
मावशी